कार्डावरची रमा

आपलं लग्न व्हायच्या तीन वर्षं आधीपासून आपण मोहरिलांच्या घरात नांदत होतो, हे रमाला एका मंगळवारी सकाळी, भाजी निवडायला बसायच्या आधी कळलं. पुष्करनं आधार कार्डासाठी कागद शोधायला सांगितले होते. हिंदी मुलखात वाढलेला हा मुलगा आईचं मराठी अक्षर न् अक्षर समजायचा आणि उत्तर मात्र हिंदीत द्यायचा. "फोटोवाला एक, पते का एक, और पुराना जो भी मिले सब निकाल के रखो आई, वहाँ क्या माँग लें भरोसा नहीं," असं म्हणून तो ऑफिसला पळाला होता. म्हणून तिनं खाटेखालची निळी रेक्झिनची पिशवी ओढून काढली. तेलीबांध्याच्या या फ्लॅटमध्ये येताना गुढियारीच्या जुन्या घरातलं अर्धं सामान भंगारात गेलं, पण ही पिशवी नवऱ्यानं मांडीवर घेऊन आणली होती. वीजबिलं, घरपट्टी, सासऱ्यांच्या रेल्वेच्या पासाची खोळ, आणि सगळ्यात तळाशी घड्यांवर फाटत आलेलं एक पिवळं पुठ्ठ्याचं रेशनकार्ड. मध्यप्रदेश शासन. तारीख, बारा मार्च एकाहत्तर. एक, बाबाराव मोहरील, मुखिया. दोन, त्यांची पत्नी. तीन, नीलकंठ, पुत्र, आयु तेवीस. चार, रमा, पुत्रवधू, आयु अठरा. पाच, प्रेमला, पुत्री, आयु सतरा. रमानं चौथी ओळ वाचली, पुढे गेली, आणि जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसा तिचा जीव खाली गेला. तिचं लग्न चौऱ्याहत्तरच्या वैशाखातलं. एकाहत्तरच्या मार्चात ती तुमसरला बापाच्या घरी होती, परकर-पोलक्यात, आणि तिचं नाव गोदावरी होतं.

मागाहून भरलं असेल, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. पण रमा साधी दिसली तरी भोळी नव्हती. सदर बाजारात सोनार तोळामासा बोलायला लागला की ती काट्याकडे न बघता त्याच्या बोटांकडे बघायची. तिनं कार्ड खिडकीशी नेलं. पाचही ओळी एकाच हाताच्या, एकाच शाईच्या, आणि खाली त्याच शाईत कुल सदस्य पाँच, अक्षरांतसुद्धा आणि आकड्यातसुद्धा. मागून घुसवलेलं माणूस असं मधोमध बसत नाही. नवरा बाल्कनीत पेपर वाचत होता. सिंचाई खात्यात चौतीस वर्षं बाबूगिरी केलेला माणूस. पेपरसुद्धा तो फाइल वाचल्यासारखा वाचायचा, खालची सही बघून मग वरचा मजकूर. तिनं कार्ड त्याच्यापुढे धरलं आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. नीलकंठानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हे जुनं आहे. हे लागत नाही," तो म्हणाला. "लागत नाही ते मलेही दिसून राहिलं. पण ही कोण?" "लिहिणाऱ्याची गलती असंल. सरकारी काम आहे बा, काय लिहितील नेम नाही." एवढं बोलून त्यानं कार्डाची घडी घातली. घातली ती घातली, पण पिशवीत परत न टाकता सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली, आणि खिशावर एकदा हात फिरवला. झालं. त्या हात फिरवण्यानं सगळं झालं. तो नुसता हसला असता, नाहीतर चिडला असता, तरी ती भाजीकडे वळली असती. संध्याकाळी तो फिरायला गेला तेव्हा तिनं सदरा चाचपला. खिसा रिकामा होता. पिशवीतही कार्ड नव्हतं.

त्या दिवसापासून रमाचं घरात लक्ष लागेना, किंवा खरं सांगायचं तर घराशिवाय दुसरीकडे कुठे लागेना. सदतीस वर्षांच्या संसारातल्या साध्यासुध्या गोष्टी एकेक करून पुढे यायला लागल्या आणि आपली झडती द्यायला लागल्या. सगळ्यात आधी आलं ते तांदळाचं ताट. लग्नानंतर माप ओलांडून ती आत आली, तिला पाटावर बसवलं, पुढे परातीएवढ्या ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्याच्या हातात अंगठी दिली. सून घरात आली की तिचं नाव बदलायचं आणि नवऱ्यानं ते तांदळात लिहायचं, ही रीत तिच्या आईच्या वेळी होती, आजीच्या वेळी होती, त्यात वाकडं काही नव्हतं. माहेराहून येताना आई हळूच म्हणाली होती, सुनंदा ठेवा म्हणावं. पण सासरी विचारलंच नाही कुणी. नाव ठरलेलं होतं. नीलकंठ वाकला आणि त्यानं अंगठीनं लिहिलं, लांबलचक काहीतरी, ताटाच्या काठापर्यंत गेलेलं. ती मान खाली घालून बसलेली, तिला सगळं उलटं दिसत होतं. मागे बाबाराव उभे होते. त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि नीलकंठानं तळव्यानं तांदूळ सपाट केले आणि पुन्हा लिहिलं, या वेळी आखूड. रमा. बायका हसल्या, नवरदेव घाबरला म्हणाल्या. तीही मनात हसली होती. सदतीस वर्षं ते तिचं एक गोड गुपित होतं, की माझा नवरा माझं नाव लिहिताना चुकला. आता तेच ताट पुढे येऊन विचारत होतं, पहिल्यांदा कुणाचं नाव लिहिलं होतं गं? सवयीनं कुणाचं आलं हातात? आणि मग कोट्याचा दुकानदार आठवला. लग्नाला आठ दिवस झाले नव्हते, सासूबरोबर ती गुढियारीच्या रेशन दुकानात गेली, हिरवा चुडा अजून मनगटाला टोचत होता, आणि तो जाडा माणूस तराजू खाली ठेवून म्हणाला होता, "तो यही हैं रमा बाई! बड़े दिन मायके रह लीं।" सासूबाई त्यावर जरा जास्तच मोठ्यानं हसल्या. रमानं ते थट्टेवारी नेलं. नव्या नवरीची थट्टा करायला कुणालाही हक्क असतो. पण दुकानदार थट्टा करत नव्हता, तो तिला ओळखत होता, असं आता तिला वाटायला लागलं. तो एका रमाला ओळखत होता.

तर मग आधी एक रमा होती. एवढं एकदा मान्य केल्यावर बाकीचं चित्र रंगवायला रमाला वेळ लागला नाही, आणि सुख तर मुळीच लागलं नाही. त्या रमाला तिनं उंची दिली, स्वतःपेक्षा दोन बोटं जास्त. लांब वेणी दिली. गोरी करावी की नाही यावर एक दुपार गेली. कावीळ झाली असेल, किंवा बाळंतपणात गेली असेल, त्या काळी पोरी अशाच जायच्या. आणि मग मोहरिलांनी दुसरी आणली आणि तिला तेच नाव घातलं, जशी फुटलेल्या बरणीची जागा दुसरी बरणी ठेवून भरतात. नीलकंठ सकाळी चहा पिताना पहिला घोट घेऊन डोळे मिटायचा. हे तो तिच्या चहासाठी करतो अशी तिची समजूत होती. आता ती समोर बसून त्या मिटलेल्या पापण्यांकडे बघायची आणि विचार करायची, आत कोण आहे? त्यानं तिला कधी नावानं हाक मारली नव्हती. अगं, ऐकून राहिली का, पुष्करची आई, यावर सदतीस वर्षं निभावली. सगळेच नवरे तेव्हा असे. पण सगळ्यांच्या बायकांची नावं रेशनकार्डावर लग्नाच्या आधी नव्हती. सून ऋता एकदा म्हणाली, "आई, तब्येत ठीक है ना? आप बाबा को ऐसे क्यों देखती हो?" रमा म्हणाली, "कसं पाहतो? जसं पाहायचं तसंच पाहून राहिली." आणि ओट्यावर चढून वरच्या फळीवरचा पितळी डबा काढला. तिच्या बापानं लग्नात दिलेला, झाकणावर खोदलेलं, चि. गोदावरी हिस. सासूनं पहिल्याच महिन्यात त्यात हळद भरून तो उंचावर ठेवला होता, तो इथे फ्लॅटमध्ये येऊनही उंचावरच राहिला. या घरात तिचं नाव एवढ्या एकाच जागी होतं आणि ते हळदीनं भरून गेलं होतं. तिनं चिंचेनं झाकण घासलं. पुष्करच्या यादीत पासबुक चालत होतं, पेन्शनचा कागद चालत होता. डबा चालत नव्हता.

आठव्या दिवशी तिला राहवेना. देवळात जाते सांगून तिनं ऑटो केला आणि गुढियारीला नणंदेकडे गेली. प्रेमला नीलकंठाची धाकटी बहीण, त्याच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, दोन गल्ल्या सोडून दिलेली, नवरा मालधक्क्यावर होता तो वारला, आता एकटीच. रस्ताभर रमा शब्द जुळवत होती. मालगाडीच्या डब्यांचे धक्के ऐकू यायला लागले तसे ते सगळे विस्कटले. प्रेमला दारातच उभी होती, आणि आत दोन कप आधीच मांडलेले होते. रमाच्या मनानं लगेच टिपलं. हिला कळलंय. हिला फोन गेलाय. "या वहिनी. दादाचा फोन आला होता, वहिनी आज-उद्या येतील म्हणे तुझ्याकडे." म्हणजे तो बोलणार नव्हता, पण कुणी काय बोलावं हे त्यानं ठरवून दिलं होतं. रमा खुर्चीवर बसली नाही. "प्रेमलाताई, एकच सांगा. माह्या आधी या घरात कोण होती?" प्रेमला आधी बघत राहिली, मग पदर तोंडाला लावून हसायला लागली, इतकी की तिला ठसका लागला. "कोणी नव्हती वहिनी! आईशप्पथ कोणी नव्हती. ते साखरेसाठी होतं."

मग प्रेमलानं सांगितलं ते असं. साखर तेव्हा माणशी मोजून मिळायची. बाबारावांना चहा लागायचा दिवसातून आठ वेळा, आणि रेल्वेतली माणसं येता-जाता घरी टेकायची. नवीन कार्डं निघाली तेव्हा फॉर्म भरणारा ओळखीचा होता. तो म्हणाला, पोट्टा कमावता झाला न, सून येईलच आज ना उद्या, आत्ताच लिहून टाकू. नाव काय लिहू? बाबारावांनी सुचलं ते सांगितलं. "कार्ड आलं, साखर आली. कोणी विचारलं तर सून माहेरी आहे. तीन वर्षं माहेरी होत्या तुम्ही!" प्रेमला पुन्हा हसली, पण रमाचा चेहरा बघून थांबली. "मग चौऱ्याहत्तरात नवा इन्स्पेक्टर आला. घरोघरी जाऊन माणसं मोजून राहिला होता. होळीनंतर येतो म्हणाला, सून दाखवा. बाबा आठ दिवस झोपले नाहीत. लगेच भंडाऱ्याकडे गेले, तुमसर, साकोली, तीन पोरी पाहिल्या." "आणि माह्यावर बोट ठेवलं," रमा म्हणाली. "तुम्ही हाडापेरानं मजबूत होत्या. कार्डाच्या हिशोबानं एकवीसची पोरगी पाहिजे होती. बाकीच्या दोघी लहान दिसत होत्या." प्रेमलानं तिचा हात धरला. "खरंच कोणी असती न वहिनी, तर मेल्यावर कार्डावर लाल रेघ मारली असती की नाही? आईच्या नावावर मारली होती ना नंतरच्या कार्डात, तशी?"

रेघ नव्हती. हे खरं होतं. आणि वय. रमानं मनात हिशोब मांडला आणि तो चपखल बसला. तिचा जन्म पंचावन्नच्या ऑगस्टातला, नऊ तारखेचा, शाळेच्या दाखल्यावर होता. पण सासरी आल्यापासून प्रत्येक कागदावर एक जुलै त्रेपन्न. लग्नाच्या वेळी ती अठराची होती, कागदावर एकदम एकवीसची झाली. सासरे म्हणाले होते, तुमसरच्या मास्तरला काय समजते. ते वय एकाहत्तरच्या त्या फॉर्मवरून निघालं होतं, आणि मतदार यादी, बँक, पेन्शन असं करत तिच्या अंगावर येऊन बसलं होतं. म्हणजे नाव तयार होतं, वय तयार होतं, कप्पा आखलेला होता आणि फक्त आत बसायला बाई पाहिजे होती.

परतताना ऑटोत रमा रडली. ऑटोवाला आरशातून बघतोय हे दिसत असूनही रडली. आणि गंमत बघा, तिला राग आला तो त्या रमाच्या नसण्याचा. आठ दिवस तिनं त्या बाईचा मत्सर केला होता, तिच्यासाठी हळहळली होती, तिला वेणी दिली होती. ती असती तर निदान नीलकंठानं एकदा कुणावर तरी जीव लावला होता असं झालं असतं, आणि मागाहून आलेलीला त्यातलं उरलंसुरलं तरी मिळालं असतं. इथे तर अर्धा किलो साखर होती. आपण कुणाची सवत नाही, कुणाची दुसरी नाही, आपण एका खोट्या ओळीचा पुरावा आहोत. शिवाय प्रेमलाचं हसणं. दादानं सांगितलं म्हणून तर हसत नाही ना ही? दोन कप आधीच मांडलेले. संशयाला एकदा घरात चटई टाकून दिली की तो उठत नाही, हे रमाला कळत होतं आणि तिला उठवता येत नव्हतं. एकच गोष्ट कुणी सांगितली नव्हती. तांदळात पहिल्यांदा काय लिहिलं होतं? ते नाव कार्डावरचं नव्हतं, ते लांब होतं.

आधारचं शिबिर जवळच्या शाळेत होतं. नीलकंठ पिशवी घेऊन सोबत आला. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे वर करून बसली होती. रांगेत बसल्या बसल्या तो पुढे बघतच म्हणाला, "ते कार्ड मी जाळलं." रमानं त्याच्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं. "बाबांचं नाव होतं त्याच्यावर. साखरेचा असो की सोन्याचा, गुन्हा तो गुन्हा. कोणी पाहिलं असतं तर." "चाळीस वर्षांनी कोण पाहणार होतं?" "सरकार विसरत नाही." त्याच्या कपाळावर खरोखर घाम होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. हा माणूस आठ दिवस बायकोला भीत नव्हता, तो इन्स्पेक्टरला भीत होता. हे तिला खरं वाटलं, आणि खरं वाटलं म्हणून आणखी वाईट वाटलं. कारण हिच्या मनाचं काय झालं असेल हा विचार त्याला शिवलासुद्धा नव्हता, आणि जाळायच्या आधी एकदा तिला दाखवावं असंही नाही.

मशीनवरची मुलगी ऋताच्याच वयाची होती. तिनं पेन्शनचा कागद बघितला, त्यावर दोघांचा जोडीनं काढलेला फोटो होता. "नाम, रमा मोहरील. ठीक है आंटी?" रमाच्या समोरच्या पडद्यावर नाव उमटलं, खाली तिचा चेहरा, डोळे सुजलेले. गोदावरी सांगावं असं घशापर्यंत आलं. पण गोदावरीकडे कागद नव्हता. दाखला तुमसरच्या पुरात की उंदरांत गेला होता, आणि डबा चालत नव्हता. "ठीक है," ती म्हणाली. "जन्मतिथि?" नीलकंठानं खिशातून चिठ्ठी काढली, "एक जुलै…" "नौ अगस्त," रमा म्हणाली. "उन्नीस सौ पचपन." नीलकंठ वळला. मुलगी म्हणाली, "इसका प्रमाण है?" "नाही." "कोई बात नहीं आंटी. सत्यापित में नहीं जाएगा, घोषित में डाल देती हूँ. घोषित में जो आप बोलो वही." आणि तिनं ते टाकलंसुद्धा. एवढंच. कुणी शाळेचं नाव विचारलं नाही, मास्तरला नावं ठेवली नाहीत. रमानं पडद्यावर ती तारीख बघितली. सदतीस वर्षांत तिच्या नुसत्या शब्दावर कुणी काही लिहून घेतलं होतं ते हे पहिलंच. नीलकंठ कानाशी पुटपुटत होता, "अवं, काहून करून राहिली असं? पेन्शनच्या कागदाशी जमणार नाही. मी गेल्यावर तुले अडवतील." "अडवू द्या," ती म्हणाली आणि बोटं काचेवर दाबली. भांडी घासून घासून ठसे पुसट झालेले, तीनदा दाबायला लागली. मुलगी म्हणत होती, ज़ोर से आंटी, और ज़ोर से.

बाहेर आल्यावर दोघं तळ्याच्या कडेनं चालायला लागले. तो नेहमीसारखा दोन पावलं पुढे होता. रमाच्या हातात पावतीची चिठ्ठी होती, त्यावर एकीची तारीख आणि दुसरीचं नाव. पुढे जाऊन तो थांबला. तिला वाटलं, पुन्हा पेन्शन. पण तो तळ्याकडे बघत म्हणाला, "त्या दिवशी तांदळात मी गोदावरी लिहिलं होतं."

रमा जागच्या जागी उभी राहिली. मागून एक स्कूटर हॉर्न मारत गेली.

"नाव काही वाईट नव्हतं. तुमसरले पाह्याले आलो तेव्हा तुह्या बापानं हाक मारली तुले आतून, तेव्हापासून डोक्यात होतं. मले वाटलं, लिहून टाकतो, मग कोण पुसते. बाबांनी खांदा दाबला. म्हणाले, कार्डावर काय आहे ते लिही."

तिनं त्याच्याकडे नीट बघितलं, सोनाराच्या बोटांकडे बघायची तसं. प्रेमलाला त्यानं फोन केला होता. हेही त्यानं शिबिरात बसून जुळवलेलं असू शकत होतं, बायको हातची जाते आहे असं बघून. कार्ड जळलं होतं. तांदूळ त्याच दिवशी पाहुण्यांच्या भातात गेले होते. बाबाराव नव्हते, सासू नव्हती. आणि तरीही ते पहिलं नाव लांब होतं, ताटाच्या काठापर्यंत गेलेलं, हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

"प्रमाण?" ती म्हणाली.

नीलकंठानं सवयीनं पिशवीकडे हात नेला, आणि मग तो हात तसाच राहिला. "प्रमाण कुठून आणू?"

रमा पुढे झाली, त्याच्या बरोबरीनं आली. पावतीची चार बोटांची घडी करून तिनं ती ब्लाऊजमध्ये खोचली.

"मग घोषित लिहा," ती म्हणाली, "आणि आता एकदा हाक मारून दाखवा."

रस्त्यावर माणसं होती. त्यानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, घसा साफ केला. ती वाट बघत उभी राहिली.